देवघेवीची वही आणि वाचकाचे नाव

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे; ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. अशा जुन्या संस्थांविषयी बोलू लागलो की आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांचे मन प्रथम देवघेवीच्या वह्यांकडे धावते. हरिभाऊंची कादंबरी किती हातांतून गेली, ज्ञानेश्वरी कोणी नेली, हे कळले तर त्या पिढीचे मन कळेल, असा आमचा लोभ असतो. लोभ खोटा नाही. परंतु त्या वहीला आमच्याखेरीज दुसराही वाचक असू शकतो.

त्याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. जून १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना अटक झाली आणि पुण्यास त्यांच्या घराची झडती झाली. झडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे होती, एवढेच. ते कार्ड मुंबई उच्च न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाले. स्फोटक द्रव्यांचा कायदा नुकताच झाला होता, त्यावर टीका लिहिण्यासाठी ही पुस्तके पाहावयाची होती, असा टिळकांचा खुलासा होता. सहा वर्षांची शिक्षा झाली ती केसरीतील लेखांबद्दल. पण नुसती पुस्तकांची नावेही आरोपीविरुद्ध उभी करता येतात, हे त्या खटल्याने दाखविले. एका कार्डाची ही कथा. मग वीस वर्षांच्या वाचनाच्या यादीचे काय?

ग्रंथालयांच्या जुन्या व्यवहारात याचे उत्तर होते. नेवार्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर सभासदाचा क्रमांक लिहितात. पुस्तक परत आले तरी ती ओळ राहते. ब्राउन पद्धतीत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटात अडकवून ठेवतात. पुस्तक आले की कार्ड पुस्तकात जाते, तिकीट वाचकाच्या हाती जाते आणि मागे काहीच उरत नाही. संगणक मात्र आपण होऊन काही विसरत नाही; त्याला विसरावयास सांगावे लागते.

अमेरिकेतील ग्रंथपालांनी १९३९ च्या आपल्या आचारसंहितेतच वाचकाची माहिती गुप्त राखणे हे कर्तव्य मानले. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानेही काम संपल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्व स्वीकारले आहे.

तेव्हा श्रोतेहो, पुस्तक किती वेळा गेले हा आकडा ग्रंथालयाने जरूर जपावा; खरेदीला, अहवालाला आणि उद्याच्या इतिहासालाही तो पुरेल. पुस्तक परत आले आणि दंड चुकता झाला की नाव पुसावे. ज्याला आपली यादी हवी असेल त्याने ती आपल्या घरी ठेवावी. यात आमच्यासारख्यांचे थोडे नुकसान आहे. ते आम्ही आनंदाने सोसू. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या ग्रंथालयांनी येत्या वार्षिक सभेत एवढा एक ठराव करावा.