ग्रहांचे परस्पर पिधान

पृथ्वीवरून पाहताना एक ग्रह दुसऱ्या ग्रहास पूर्णतः किंवा अंशतः झाकतो, त्या घटनेस ग्रहांचे परस्पर पिधान म्हणतात. पुढच्या ग्रहाचे बिंब लहान असून ते मागच्या बिंबावरून सरकत गेल्यास अधिक्रमण हा शब्द अधिक काटेकोर ठरतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ग्रहयुद्धाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'भेद' या घटनेशी जुळतो.

दुर्मीळतेचे कारण

ग्रहांच्या कक्षा एकाच प्रतलात नाहीत. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ३.४ अंशांनी, तर गुरूची १.३ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे युतीच्या वेळीही ग्रह बहुधा एकमेकांच्या वरून वा खालून निघून जातात. २१ डिसेंबर २०२० रोजीची गुरू-शनी युती पिधान होती असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. दोहोंमध्ये सुमारे सहा कलांचे, म्हणजे गुरुबिंबाच्या दहापटीहून अधिक अंतर होते.

निरीक्षणे

मायकेल मेस्टलिन याने १३ ऑक्टोबर १५९० रोजी हायडेलबर्ग येथून शुक्राने मंगळास झाकलेले पाहिले. २८ मे १७३७ रोजी शुक्राने बुधास झाकले, ते जॉन बेव्हिस याने ग्रीनिच येथून दुर्बिणीने पाहिले.

महाराष्ट्रातून दृश्यता

यापूर्वीची अशी घटना ३ जानेवारी १८१८ ची. शुक्र गुरूच्या बिंबावरून गेला. चाकणच्या आग्नेयेस कोरेगाव भीमा येथील लढाई होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. मात्र इकडे ४ जानेवारीची उत्तररात्र होती आणि दोन्ही ग्रह उगवायचे होते, त्यामुळे येथून ते दिसणे शक्य नव्हते.

त्यानंतर २४७ वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०६५ रोजी, शुक्र पुन्हा गुरूवरून जाईल. भारतीय वेळेनुसार ही घटना सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास घडेल. ग्रह सूर्याच्या पश्चिमेस केवळ आठ अंशांवर असल्याने ते सूर्याआधीच मावळतील. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात सूर्यास्तही तोवर होऊन गेलेला असेल. म्हणजे हीही संधी हुकणार. ११ ऑगस्ट २०७९ रोजी बुध मंगळास झाकील, तेव्हा येथे सकाळचे सुमारे सात वाजलेले असतील. ग्रह क्षितिजाच्या वर असले तरी सूर्यापासून जेमतेम अकरा अंशांवर असतील, आणि तेही दिवसाच्या उजेडात. सूर्याच्या इतक्या निकट दुर्बीण वळवणे डोळ्यांस घातक असल्याने हौशी निरीक्षकांनी तसा प्रयत्न करू नये.