पंखा (आउटबोर्ड होडीचा)

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेल्या यंत्राच्या खालच्या टोकाला फिरणारा, पाणी मागे लोटून होडी पुढे नेणारा पात्यांचा भाग, प्रोपेलर. बचाव पथके अशा यंत्राला ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटर) म्हणतात, लाँचवाले नुसते ‘मशीन’. प्रस्तुत नोंद धरणांच्या जलाशयांवर आणि पुराच्या पाण्यात चालणाऱ्या लहान होड्यांच्या पंख्यापुरती आहे.

इतिहास : योझेफ रेसेल (१८२७), फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन (दोघे १८३६) यांनी मळसूत्री पंख्याची एकस्वे घेतली, मूळ कल्पना कोणाची, यावर एकमत नाही. १८४५ मध्ये ‘रॅटलर’ या पंख्याच्या जहाजाने ‘अलेक्टो’ या चाकाच्या जहाजाला रस्सीखेचीत मागे ओढत नेले आणि जहाजांवरच्या चाकांची सद्दी संपत गेली. ओल इव्हिनरूड यांचे आउटबोर्ड यंत्र १९०९ चे.

मापे : पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदा., ११ × १२. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी घट्ट असते तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकला असता ते अंतर म्हणजे पिच. व्यास बहुधा गिअरपेटीच्या आकारानेच ठरून आलेला असतो, त्यामुळे निवडीला वाव राहतो तो पिचमध्ये. आकडे झिजून गेले असतील तर पंखा सपाट फरशीवर ठेवून मध्यापासून पात्याच्या सुमारे सत्तर टक्के अंतरावर दोन्ही कडांची उंची मोजावी. दोहोंतला फरक २ इंच आणि तेवढ्या भागाने मध्याशी केलेला कोन ६० अंश असेल, तर पिच १२ इंच (२ × ३६० ÷ ६०). सगळी पाती एकेक करून मोजावीत. एखाद्या पात्याचे माप वेगळे आले, तर होडी थरथरण्याचे कारण तिथेच सापडते.

निवडीची कसोटी : दुकानात वेग विचारला जातो, विचारायला हवेत ते फेरे. प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत पूर्ण रेसला इंजिनाचे फेरे किती असावेत ते दिलेले असते. अनेक फोर-स्ट्रोक यंत्रांसाठी ते मिनिटाला ५,००० ते ६,००० असतात. नेहमीचे वजन घेऊन, उघड्या पाण्यात, टॅकोमीटर लावून पूर्ण रेस द्यावी. फेरे कमी पडले तर पिच जास्त आहे : इंजिन दमते, तापते, आत काजळी धरते. फेरे मर्यादेपलीकडे गेले तर पिच कमी आहे. एक इंच पिच बदलली की साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणजे ४,७०० वर अडकलेले यंत्र दोन इंच पिच उतरवल्यावर ५,००० च्या पुढे येते.

गणित सोपे आहे. इंजिनाचे ५,५०० फेरे आणि गिअर २ : १ असेल, तर पंख्याचे २,७५० फेरे होतात. त्याला १२ इंचांनी गुणले की ताशी सुमारे ५० किमी. प्रत्यक्षात पाणी घसरते; ही घसर २० टक्के धरली तर ४० किमी. ओझ्याच्या होडीत घसर याहून बरीच जास्त असते. विक्रेत्याने सांगितलेला वेग बहुधा एकट्या चालकाचा असतो.

बचावाच्या होडीची अडचण वेगळीच : जाताना रिकामी, येताना भरलेली. तिचा पंखा परतीच्या ओझ्यावरच ठरवावा. जाताना रेस आवरता येते. भरल्या होडीत नसलेली खेच आयत्या वेळी आणता येत नाही. कोयनेच्या जलाशयावर बामणोलीहून वासोटा किल्ल्याकडे माणसे नेणाऱ्या होड्या दोन्ही वेळा भरलेल्याच असतात, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

उंची व उष्मा : समुद्राकाठच्या होडीचा पंखा पठारावर तसाच चालत नाही. पैठणच्या पूर्ण भरलेल्या नाथसागराची पातळी १,५२२ फूट (सुमारे ४६४ मी.), तेथे हवा समुद्रसपाटीपेक्षा चार-साडेचार टक्के विरळ असते. कोयनेच्या शिवसागराची पातळी सुमारे ६५९ मी., तेथे हाच फरक सहा टक्क्यांवर जातो. त्यात ४० अंश तापमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा आठेक टक्के विरळ. इंजिनाचा जोर जवळपास त्याच प्रमाणात घटतो. मालवणात बेतशीर चाललेले यंत्र पैठणला मे महिन्यात जड वाटले, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी एक इंच कमी पिचचा पंखा लावून पाहावा.

पाती व धातू : तीन पाती सर्वसाधारण, चार पात्यांनी पकड वाढते, वरचा वेग थोडा जातो. पोलादी पाते पातळ व टिकाऊ असते, पण दगडाला आपटले तर धक्का गिअरपर्यंत पोचवते. ॲल्युमिनियमचे पाते वाकून गिअर वाचवते. पाणी ओसरल्यावर खोडे आणि बुडालेल्या गावांची जोती वर येणाऱ्या जलाशयांत ॲल्युमिनियमच शहाणपणाचे.

नाथसागर : छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील चितेगाव या औद्योगिक गावाच्या दक्षिणेस, पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा (१९७६) हा जलाशय. विस्तार मोठा, खोली बेताची. १९८६ पासून पक्षी अभयारण्य. मासेमारी पुष्कळशी वल्ह्यांवर व थर्माकोलच्या तराफ्यांवर चालते. गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची मुले अशाच तराफ्यांवरून शाळेला जात असल्याच्या बातम्या २०२३ मध्ये गाजल्या होत्या. चितेगाव–वाळूज पट्ट्यात आर्गॉन वेल्डिंग सहज होते, त्यामुळे तुटलेले पाते भरून मिळते. मात्र भरणारा पिच तपासून देत नाही. वर सांगितलेली फरशीवरची मोजणी आपणच करावी.

बिघाड : जाळ्याची नायलॉन तार पंख्यामागे शाफ्टला गुंडाळते आणि ऑइल सील कापते. गिअरमधले ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी आत शिरले, असे समजावे. पंखा उतरवून शाफ्ट वरचेवर पाहणे हाच उपाय. आतला रबर बुश सुटला तर हळू रेसला होडी चालते, जोर दिला की नुसते इंजिन ओरडते. बुशावर आणि बाहेरच्या कड्यावर मिळून एक रंगाची रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की बुश फिरला. यंत्र फळीवर फार उंच बसले तर पंखा हवा ओढतो व तशीच लक्षणे दिसतात, तेव्हा आधी उंची पाहावी. जलपर्णीत मागे झुकलेल्या पात्यांचा पंखा बरा.

सुरक्षा : पंख्याभोवतीच्या जाळीविषयी मतभेद आहेत, इजा टळते, खेच घटते. पाण्यातला माणूस होडीत घेताना इंजिन बंद करावे. ब्रह्मनाळ (जि. सांगली) येथे ऑगस्ट २०१९ च्या पुरात बचावाची होडी उलटली, कारणांविषयीचे वृत्तांत एकसारखे नाहीत.

कायदा : अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१.