स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आणि उमेदवारांवरील फौजदारी खटल्यांचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारतीय लोकशाहीचा पाया ग्रामपातळीवर घातला जावा, ही भूमिका स्वातंत्र्य चळवळीपासून मांडली गेली. तथापि स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ७३ वी आणि जूनमध्ये ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. या अर्थाने भारतातील स्थानिक लोकशाही ही वयाने तरुणच होय. तिच्या वाटचालीत फौजदारी खटले प्रलंबित असलेल्या उमेदवारांचा प्रश्न कसा पुढे आला, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
ज्या वर्षी पंचायतींना घटनेचे संरक्षण लाभले, त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र शासनाने तत्कालीन गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्चमधील मुंबई बॉम्बस्फोटांची पार्श्वभूमी तिला होती. काही ठिकाणी टोळ्यांचे म्होरकेच कालांतराने स्थानिक संस्था, विधानसभा आणि संसद येथे निवडून येतात, असे निरीक्षण समितीच्या अहवालात आहे. या क्रमातील पहिली पायरी स्थानिक संस्था ही आहे, हे लक्षणीय होय.

कायद्याची चौकट :
घटनेच्या कलम २४३-फ नुसार विधिमंडळाच्या निवडणुकीस अपात्र असलेली व्यक्ती पंचायतीसही अपात्र ठरते. शिवाय राज्याला स्वतंत्र अपात्रता ठरविता येते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी किमान दोन वर्षांच्या शिक्षेची अट आहे. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने मात्र किमान सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीस सुटकेनंतर पाच वर्षे अपात्र मानले. अर्थात दोन्ही कायद्यांचा आधार दोषसिद्धी हाच आहे. खटला प्रलंबित असणे ही अपात्रता नाही.

न्यायालयांची भूमिका :
सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवारांच्या फौजदारी पार्श्वभूमीची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. संसदेने कायद्यात दुरुस्ती करून या निर्णयास मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. परंतु मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती तरतूद रद्दबातल ठरविली.

स्थानिक निवडणुकांच्या दृष्टीने ५ फेब्रुवारी २०१५ चा निकाल विशेष महत्त्वाचा आहे. तमिळनाडूतील कोईमतूर जिल्ह्यात ऑक्टोबर २००६ मध्ये एका ग्रामपंचायतीच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. विजयी उमेदवाराने आपल्यावरील अपहाराच्या प्रकरणांची संपूर्ण माहिती दिलेली नव्हती. अशी माहिती दडविणे म्हणजे मतदारावर गैरवाजवी प्रभाव टाकणे, म्हणजेच भ्रष्ट आचार होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून निवडणूक रद्द करणारा निर्णय कायम केला. तत्त्व प्रस्थापित झाले खरे. पण तोपर्यंत त्या पंचायतीची पाच वर्षांची मुदत कधीच संपून गेली होती. न्याय मिळाला, तो त्या गावाच्या कारभाराला उपयोगी पडला नाही.

प्रश्नाचे दुहेरी स्वरूप :
केवळ खटला प्रलंबित असल्याने उमेदवारी नाकारावी काय, हा प्रश्न सोपा नाही. दोष सिद्ध होईपर्यंत व्यक्ती निर्दोष मानणे हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे. गावपातळीवर तर बांधाचा वाद किंवा भावकीतील भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. निवडणुकीच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तक्रार नोंदविणे कठीण नसते. सरसकट बंदी घातल्यास त्याचा फटका ज्यांना आरक्षणामुळे प्रथमच उमेदवारीची संधी मिळाली, अशा दुर्बल घटकांनाही बसू शकतो. उलटपक्षी गंभीर खटले वर्षानुवर्षे रेंगाळत राहिल्यास आरोपीच गावनिधीचा विश्वस्त बनतो. सप्टेंबर २०१८ मध्ये घटनापीठाने नवी अपात्रता निर्माण करण्यास नकार दिला आणि हा विषय संसदेवर सोपविला.

निष्कर्ष :
या इतिहासावरून असे दिसून येते की, बंदीपेक्षा माहितीचा मार्ग न्यायालयांनी अधिक पसंत केला. मात्र ग्रामीण मतदाराला उमेदवाराची पार्श्वभूमी बहुधा ठाऊकच असते. त्याला उणीव भासते ती माहितीची नसून निर्भयपणे मत देता येईल अशा परिस्थितीची, आणि वेळेत लागणाऱ्या निकालाची. निवडणूक याचिका आणि उमेदवारांवरील गंभीर खटले पंचायतीच्या मुदतीतच निकाली निघाले, तरच शपथपत्रातील मजकुराला अर्थ प्राप्त होईल.