रक्तस्रावाशी झुंज: ब्रिगहॅम रुग्णालयाची वाटचाल

पीटर बेंट ब्रिगहॅम या बोस्टनच्या व्यावसायिकाने १८७७ मध्ये मरताना आपली संपत्ती गोरगरिबांच्या रुग्णालयासाठी ठेवली. ते रुग्णालय प्रत्यक्ष सुरू व्हायला १९१३ साल उजाडले. पहिले प्रमुख शल्यविशारद म्हणून आले हार्वे कुशिंग, मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे.

कुशिंगना सर्वांत जास्त छळले ते रक्ताने. पोटातली रक्तवाहिनी चिमट्यात धरून दोऱ्याने बांधता येते. मेंदूतल्या नाजूक वाहिन्यांना तसे करता येत नाही. त्यांनी १९११ मध्येच चांदीच्या बारीक क्लिपा वापरात आणल्या होत्या. तरीही कित्येक गाठी अर्ध्यावर सोडून कवटी बंद करावी लागे.

उत्तर मिळाले ते वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या विल्यम बोव्ही यांच्याकडून. हार्वर्डमध्ये कर्करोगावर काम करताना त्यांनी उच्च वारंवारतेच्या विजेचे यंत्र घडवले होते. या विजेने स्नायू आखडत नाहीत. यंत्राचे टोक स्वतः तापलेले नसते; वीज शिरते तिथली ऊतीच तापते. एका प्रकारच्या प्रवाहाने ऊती कापली जाते, दुसऱ्याने रक्त गोठते.

१ ऑक्टोबर १९२६. रक्ताने भरलेली डोक्यावरची एक गाठ काढण्याचा प्रयत्न काही दिवसांपूर्वीच रक्तस्रावामुळे सोडावा लागला होता. तोच रुग्ण पुन्हा टेबलावर घेतला. कुशिंगच्या हाती विजेचे टोक, यंत्रापाशी स्वतः बोव्ही. गाठ निघाली. त्यानंतर कुशिंगनी पूर्वी ज्यांच्या गाठींपुढे हात टेकले होते त्या रुग्णांना परत बोलावले. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच. दोघांचा संयुक्त लेख १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३१ मध्ये कुशिंगनी मेंदूतल्या गाठीची दोन हजारावी शस्त्रक्रिया केली. बोव्हींनी आपले पेटंट मात्र एका डॉलरला विकले. १९५८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते.

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतच रॉबर्ट शॉ या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. पातेच तापवायचे. साधारण ११० ते २७० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारे हे धारदार पाते कापता कापताच बारीक वाहिन्या बंद करते, आणि रुग्णाच्या शरीरातून वीज जात नाही. उष्णतेने रक्त थांबवण्याची कल्पना जुनीच, सुश्रुतसंहितेतही दहन हा रक्त थांबवण्याच्या चार उपायांपैकी एक आहे. नवे होते ते उष्णता मोजून देणे. ती जास्त झाली, तर जखमेची कड भाजते आणि भरायला वेळ लागतो.

पुन्हा ब्रिगहॅमकडे वळू. तिथे १९५४ साली मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. जोसेफ मरे यांना त्यासाठी १९९० चे नोबेल मिळाले. १९८० मध्ये इतर दोन रुग्णालयांशी विलीन होऊन ही संस्था ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल झाली. नोबेल मिळालेले प्रत्यारोपण सगळ्यांना आठवते. शस्त्रक्रियागृहाचे दार एका वनस्पतिशास्त्रज्ञाला उघडणारा तो ऑक्टोबरचा दिवसही तितक्याच मानाने स्मरायला हवा.