भुकेपुढे निश्चय किती टिकतो?

मनाचा निश्चय असला की शरीर वाटेल ते सोसते, असे आपण मुलांना सांगत असतो. हे कितपत खरे आहे? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील ३६ तरुणांनी याची परीक्षा स्वतःवर करून घेतली.

त्या वेळी युरोपात लाखो लोक उपासमारीने खंगले होते. त्यांना पुन्हा उभे करायचे तर आहार कोणता आणि किती द्यावा, याचे नेमके ज्ञान हाताशी नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी यासाठी स्वयंसेवक मागवले. पुढे आलेल्या तरुणांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र घेण्यास नकार दिला होता. मात्र लोकांसाठी झळ सोसायची त्यांची तयारी होती.

प्रयोग नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झाला. पहिले १२ आठवडे रोज सुमारे ३,२०० किलोकॅलरींचा पुरेसा आहार दिला. पुढचे २४ आठवडे त्याच्या साधारण निम्मा: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायचे. वजने जवळपास चतुर्थांशाने घटली. नाडी मंदावली, पाय सुजले, ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. मिळकत घटल्यावर घरखर्चाला कात्री लावावी, तसे शरीर ऊर्जा वाचवत होते.

मनाचे काय झाले? शांत स्वभावाची मुले चिडचिडी झाली. काहीजण पाककृतींची पुस्तके तासन्‌तास वाचत. काहींना मोह आवरेना, म्हणून बाहेर जाताना जोडीदार बरोबर असावा असा नियम करावा लागला. तरीही बहुतेक जण टिकले. पण त्यांनी हा मार्ग स्वतः निवडला होता, तो कधी संपणार ही तारीख ठाऊक होती आणि डॉक्टर जवळ होते. दुष्काळात सापडलेल्या माणसापाशी यांतले काहीच नसते.

नंतरच्या नोंदींतून कळले, की उपासमारीतून सावरताना जीवनसत्त्वांच्या गोळ्यांपेक्षा भरपूर अन्न महत्त्वाचे असते. काहींना रोज ४,००० किलोकॅलरींच्या आसपास आहार लागला. कीज व सहकाऱ्यांचा दोन खंडांतील ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

शिक्षकांनी त्यातील एक निरीक्षण जरूर लक्षात ठेवावे. आपले लक्ष लागत नाही, विचार सुचत नाहीत, अशी या तरुणांची तक्रार होती. बुद्धिमापन चाचण्यांत मात्र त्यांची बुद्धी घटलेली दिसली नाही. बुद्धी शाबूत होती, मन अन्नाभोवती घुटमळत होते. हे तर धडधाकट, ध्येयाने भारलेले प्रौढ तरुण होते. मग उपाशीपोटी शाळेत आलेले मूल फळ्याकडे पाहत नसेल, तर त्याला मठ्ठ किंवा आळशी ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: बाळ, सकाळी काय खाल्लेस?