गोराईच्या बागेतील फुले नेमकी कुठली?

१/ बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराई लागते. तेथील जुन्या घरांच्या आवारात चाफा, प्राजक्त, बोगनवेल दिसतात. एखाद्या कुंपणावर कृष्णकमळ चढलेले असते. खारी, दमट हवा त्यांना इतकी मानवते की ही सारी फुले इथलीच वाटतात. त्यांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. 🧵

२/ गोराई, मनोरी, उत्तन ही गावे म्हणजे जुने धारावी बेट (दक्षिणेकडील प्रसिद्ध धारावी निराळी). १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. मधल्या दोन शतकांत हा किनारा लिस्बन, ब्राझील आणि गोव्याशी जोडलेला होता. याच काळात मिरची, काजू, पेरू, अननस भारतात आले.

३/ चाफा घ्या. संस्कृत साहित्यातील ‘चंपक’ म्हणजे आपला सोनचाफा. जाड फांद्यांचा, दुधाळ चिकाचा पांढरा चाफा हा मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांचा. तो आला आणि मराठीने त्याला जुन्या आप्ताचे नाव दिले. पुढे तो ‘देवचाफा’ही झाला. आज तो देवळाच्या अंगणात फुलतो आणि दफनभूमीतही.

४/ कृष्णकमळही अमेरिकेचे. तेथील ख्रिस्ती धर्मोपदेशकांना त्यात येशूचे क्लेश दिसले: तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरची तीन टोके म्हणजे खिळे. इथे तेच तंतू शंभर कौरव झाले, पाच पुंकेसर पांडव झाले आणि मधोमध श्रीकृष्ण आला. फूल एकच, पुराणे दोन.

५/ बोगनवेल ब्राझीलची. १७६७ मध्ये बूगेनव्हिलच्या जगप्रदक्षिणेत कॉमरसन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने रिओ द जानेरोजवळ तिचे नमुने घेतले. सोबत त्याची सहकारी जान बारे होती, पुरुषवेषात. कारण स्त्रियांना जहाजावर मनाई होती. तोवर पोर्तुगीजांच्या हातून वसई जाऊन २८ वर्षे झाली होती. ‘सारे पोर्तुगीजांनीच आणले’ असे म्हणण्यापूर्वी हे साल आठवावे.

६/ मग प्राजक्त? तो भारतीयच. पण त्याचे एक जुने वर्णन एका पोर्तुगीज वैद्याचे आहे: गार्सिया द ओर्ता. १५५० च्या दशकात त्याने मुंबई बेट खंडाने घेतले होते. तेथे आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, असे तो कौतुकाने लिहितो.

७/ त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात प्राजक्त ‘दुःखी वृक्ष’ म्हणून येतो आणि इथे ऐकलेली कथाही: सूर्याने झिडकारलेल्या कन्येच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. केशरी देठांनी अन्न रंगवतात, हेही त्याने टिपले.

८/ ओर्ताचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. आरोप एकच: हे कुटुंब गुप्तपणे ज्यूच राहिले.

९/ ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न ओर्ताने फुलांना आणि फळांना विचारला, तेव्हा त्यातून ज्ञान जन्मले. तोच प्रश्न इन्क्विझिशनने माणसांना विचारला, तेव्हा चिता पेटल्या.

१०/ गोराईच्या बागेत मेक्सिकोचा चाफा भारतीय प्राजक्ताशेजारी फुलतो, आणि दोघांची नावे अस्सल मराठी आहेत. पुढच्या वेळी तिथे गेलात, तर एखाद्या फुलाचा प्रवास अवश्य शोधा. तो सापडल्यावर त्या फुलाला परके मात्र ठरवू नका.