‘सोप्या’ पाणवनस्पती घरात का तगत नाहीत?
चंद्रपूर-गडचिरोलीच्या मालगुजारी तलावांत हायड्रिला कोणी लावत नाही. ती आपोआप फोफावते. घरच्या फिश टँकमध्ये मात्र हीच वनस्पती अनेकदा काही दिवसांत गळून पडते. (‘सोपी’ हे विशेषण बहुधा विक्रेत्याचे!) तलावात पावसाच्या पाण्याबरोबर पोषक गाळ येतो, टाकीतील धुतलेल्या वाळूत तो नसतो. शिवाय येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. विस्तीर्ण तलाव सावकाश तापतो, काचेची लहान टाकी झपाट्याने. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून टाकी थेट उन्हात ठेवू नये. दिव्याचा सात-आठ तासांचा प्रकाश पुरतो.

जावा फर्न व अनुबियास यांचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते. ते दगडास वा लाकडास दोऱ्याने बांधावे. व्हॅलिसनेरियाची केवळ मुळे पुरावीत आणि जुनी पाने गळाली तरी तिची जागा वारंवार बदलू नये.

वाढ जास्त झाल्यास ती तलावात टाकणे घातक ठरते. १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचलेल्या हायड्रिलाने तेथील जलमार्ग व्यापले. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावानेही दक्षिण अमेरिकेतील इकोर्नियाचा विळखा अनुभवला आहे.